साठच्या पुढची थरथर

सोनाजीला मोटारसायकल येत नव्हती असं नाही. मोटारसायकललाच सोनाजी येत नव्हता. शिकायला बसला तेव्हा पहिल्या दिवशी तो पाटात गेला, दुसऱ्या दिवशी कडब्याच्या गंजीत, आणि तिसऱ्या दिवशी तर गाडी जागची हललीसुद्धा नव्हती तरी खाली आला. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, गाडी उचलून स्टँडवर लावली आणि म्हणाली, "अवो, तुमी म्हशी सांभाळा. हिला मी बघते."

गंगापूरच्या पलीकडं दोन कोसांवर त्यांची वस्ती. सोनाजीच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती, दिवाळी झाली की कळप घेऊन रानोमाळ हिंडणं होतं. पुढं पोरींच्या शाळेपायी एका जागी राहायची वेळ आली, तशी मेंढरं भावाकडं गेली आणि दावणीला म्हशी आल्या. दूध गावातच घालून मोकळं व्हावं असं सोनाजीचं म्हणणं. कस्तुराबाईचं म्हणणं वेगळं. शहरात घरोघर दूध घातलं तर माणसं नावानं ओळखतात, सणाला चौकशी करतात, आणि दूध चांगलं निघालं तर तोंडावर चांगलं म्हणतात. तिनं महिनाभरात गाडी शिकून घेतली. आरटीओच्या मैदानात आठाचा आकडा काढायची वेळ आली तेव्हा तिच्या आधीच्या तीन पोरांनी पाय टेकवले होते. हिनं टेकवला नाही. गोल साडी सोडून ती पुन्हा सासूसारखं नऊवारी नेसू लागली, कारण काष्ट्यात टांग सरळ पलीकडं जाते. पदरावर हेल्मेट, मागं दोन्ही अंगांना दुधाचे क्यान. वाळूजवरून शहरात, उस्मानपुऱ्यात निम्मं दूध, आणि उरलेलं पुंडलिकनगरात. चार वर्षांत तिचा एक रतीब चुकला नाही.

थरथर सुरू झाली ती नव्या टायरपासून. पुढचा टायर गुळगुळीत झाला होता, म्हणून तिनं गंगापुरात कडूबाच्या दुकानात नवा बसवून घेतला. कडूबा तिच्या माहेरच्या बाजूचा, बोलका माणूस. बोलता बोलताच त्यानं टायर चढवला, हवा भरली, चाकाला एक थापटी मारली. दुसऱ्या दिवशी लिंबेजळगाव मागं पडलं, रस्ता मोकळा मिळाला, काटा साठाकडं सरकला आणि कस्तुराबाईच्या हातात हँडल थरथरायला लागलं. थंडीनं काकडलेल्या माणसाचा हात धरावा तसं. तिनं वेग कमी केला, थरथर गेली. वाढवला, पुन्हा आली.

परतताना ती कडूबाकडं थांबली. दुकानासमोरच्या हॉटेलात चार-पाच माणसं चहा घेत बसलेली.

"कडूबा, पुढचं चाक हलतंय बघ. साठला हँडल धरवत नाय."

कडूबानं बसल्या जागेवरून चाकाकडं पाहिलं. "टायर नवाकोरा हाय, ताई. हँडल जरा घट्ट धरत जा. बाईमाणसाचं मनगट, त्यात दोन क्यानांचं वजन. हलणारच की."

हॉटेलातली माणसं हसली. कस्तुराबाई म्हणाली, "मग तू चालवून बघ." कडूबा गाडीवर बसला, बाजारपेठेतनं एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मला तर काय जाणवलं नाय." बाजारपेठेत चाळिसाच्या वर कुणाची गाडी जाते? पण ते त्याला कोण सांगणार. ती गाडी काढून घरी आली.

मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं. चार वर्षं ज्या मनगटांवर तिनं गाडी रेटली होती, त्याच मनगटांकडं ती आता संशयानं बघू लागली. घट्ट धरून पाहिलं; दुपारपर्यंत कोपरं दुखली. सैल धरून पाहिलं; थरथर वाढली. सोनाजी म्हणाला, "कमी पळव की. कोण मागं लागलंय?" पण पन्नासनं जायचं म्हटलं की पुंडलिकनगरात पोचायला उशीर व्हायचा आणि तिथली पोरं बिनदुधाची शाळेत जायची. ती दात आवळून साठनंच जात राहिली.

पुंडलिकनगरातलं तिचं शेवटचं घर नानासाहेबांचं. आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटरच्या पोरांना शिकवून ते निवृत्त झालेले. पायजम्याला इस्त्री, खिशाला पेन, आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय खरी मानायची नाही. त्या दिवशी ते दारात गाळणी घेऊनच उभे होते.

"कस्तुराबाई, आज चौथा दिवस आहे. हे बघा."

गाळणीत लोण्याचे बारीक पांढुरके कण चिकटले होते.

"तुम्ही दूध आणता की घुसळून आणता?"

कस्तुराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "देवाशपथ नाना, दूध आपलं चांगलंय. उस्मानपुऱ्यापर्यंत क्यान भरलेला असतो. तिथून निम्मा रिकामा व्हतो आन् मग आत डुचमळतो. त्यात गाडी हलती. म्हणून..." आणि मग तिच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. टायर, कडूबा, हॉटेलातलं हसणं, मनगट.

नानासाहेबांनी गाळणी खाली ठेवली. "किती वेगाला हलते?"

हा प्रश्न आठ दिवसांत तिला कुणीच विचारला नव्हता.

"पन्नासपर्यंत गुपचूप असती. पंचावन्नला चुळबुळ करती. साठला तर जोरात."

"आणि सत्तरला?"

"सत्तरला परत जराशी बरी व्हती."

"दुधाचे क्यान लावून तुम्ही सत्तरनं जाता?"

कस्तुराबाई ओशाळली. "जाताना नाय, नाना. परतताना क्यान रिकामे असत्यात."

नानासाहेब मोठ्यानं हसले. मग खिशातलं पेन काढून म्हणाले, "ऐका. दोष तुमच्या मनगटाचा असता तर तो चाळीसलाही दिसला असता आणि सत्तरलाही. ही थरथर ठरावीक वेगाला येते आणि पुढं कमी होते. हा चाकाचा तोल गेलेला आहे. टायर एका बाजूला जड, दुसऱ्या बाजूला हलका. तुमचा काही संबंध नाही."

कस्तुराबाईनं दोन्ही हातांनी पदर नीट केला. आठ दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं तिला वाटलं, आणि नानासाहेबांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, आतून आणलेला चहा तिनं त्या आठवड्यात पहिल्यांदा गरम असतानाच प्यायला.

नानासाहेबांनी वर्तमानपत्राच्या कडेला चाक काढलं. तोल साधायच्या तीन रीती आहेत, ते म्हणाले. एक, चाक त्याच्याच आसावर मोकळं सोडायचं, जड बाजू आपोआप खाली येते, मग हलक्या बाजूला वजन लावायचं. ही जुनी, हाताची रीत. दुसरी, मशीन. चाक मशीनवर गरगर फिरतं आणि कुठं किती ग्रॅम लावायचे ते आकड्यात दिसतं. तिसरी नवी निघाली आहे, टायरच्या आत बारीक मणी सोडायचे, ते फिरताना आपली जागा आपण शोधतात म्हणे.

"मग कोणती करू?"

"मशीन. प्रश्नच नाही. हाताचं काम म्हणजे अंदाज."

लक्ष्मीबाई कपबश्या उचलत म्हणाल्या, "आयुष्यभर पोरांच्या हातात कानस दिली, आणि आता हाताचं काम म्हणजे अंदाज होय? हॉलमधला पंखा दोन वर्षं डुगडुगतोय, त्यालाही ते मशीन लावा."

नानासाहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुतण्याला फोन लावला.

पुतण्या बद्रीनाथ. उस्मानपुऱ्यात त्याचं मोटारींच्या टायरचं दुकान, काचेचं दार, आत मशीन. तरणा, सरळ स्वभावाचा. त्यानं चाक सोडवलं, मशीनला एक लांब दांडा जोडला, चाक त्यात घातलं आणि बटण दाबलं. घूं घूं आवाज झाला, लाल आकडे उजळले. "मावशी, तीस ग्रॅमचा फरक आहे," तो म्हणाला आणि त्यानं चिकटपट्टीची छोटी वजनं रिमला दाबून बसवली. पुन्हा फिरवलं. शून्य.

"शून्य!" नानासाहेब म्हणाले. ते मुद्दाम स्कूटरवरून आले होते.

आणि खरंच, परतताना साठला हँडल जवळजवळ शांत होतं. अगदी बारीक गुदगुल्या राहिल्या होत्या, पण कस्तुराबाईनं त्या मनावर घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गाळणीत कण निम्म्याहून कमी. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी वाळूजच्या अलीकडं टिण्ण असा आवाज आला, पाठोपाठ हँडल पुन्हा थंडीनं काकडलेलं.

झालं होतं असं, की वस्तीवर पोचली की ती रोज गाडी धुवायची. गोठ्यातलं शेण, रस्त्यावरचा चिखल, सगळं बोअरच्या पाण्याच्या पाइपानं. मोटारीच्या सपाट रिमला घट्ट बसणारी ती चिकट वजनं तारांच्या चाकाच्या गोलसर रिमवर आधीच अर्धी अधांतरी होती. पाण्यानं त्यांनी अंग सोडलं.

त्या दिवशी परतताना कडूबानं तिला हात केला. त्याच्या कानावर मशीनची बातमी गेली होती, आणि ते त्याला लागलं असावं. "ताई, मशीनचं खूळ सोडा. हे बघा, माझ्याकडं काय आलंय."

त्यानं पारदर्शक बाटली काढली. आत मोहरीएवढे पांढरे मणी. बाटली आडवी धरून त्यानं गरगर फिरवली, मणी कडेला जाऊन सारखे पसरले. हॉटेलातली माणसं चहा सोडून बघायला आली.

"टायरमंदी सोडायचे. जिथं हलकं तिथं जाऊन बसत्यात. आयुष्यभर बघायला नको."

बघायला छान होतं ते. कस्तुराबाईनं बाटली हातात घेऊन स्वतः दोनदा फिरवली. मग विचारलं, "माझ्या चाकात ट्यूब हाय. हे ट्यूबच्या बाहेर सोडायचे की आत?"

कडूबानं बाटली परत घेतली. "आत. हवेचा वाल काढायचा, आन् तिथून सोडायचे."

"आन् पंक्चर झालं तर?"

"पंक्चर झालं तर... गोळा करायचे."

"हमरस्त्यावरनं? ज्वारी वेचल्यासारखे?"

या खेपेला हॉटेलातली माणसं हसली ती कडूबाला. एक जण म्हणाला, "कडूबा, कोंबड्या पाळ, त्या वेचतील!" कडूबाही शेवटी हसला आणि बाटली फळीवर ठेवून दिली. म्हणाला, "बिनट्यूबच्या गाडीला चालत असतील बघा." ते खरंही असेल. कस्तुराबाईनं गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकनगरातलं दूध घालून ती माघारी उस्मानपुऱ्यात बद्रीनाथकडं गेली. गळून पडलेल्या वजनाची जागा दाखवली. त्यानं कान पकडले.

"माझंच चुकलं, मावशी. माझं मशीन चांगलं आहे पण वजनं मोटारीची आहेत. तारांच्या चाकाला तारेवर बसणारं वजन लागतं, ते मी ठेवतच नाही. पुन्हा चिकटवून देईन, पण पुन्हा पडेल." मग त्यानं आजूबाजूला पाहून आवाज खाली केला. "नानाकाकांना सांगू नका. मागच्या गल्लीत फकिराभाई आहेत. जुन्या बुलेटवाल्यांची चाकं तेच करतात. मी माझी स्वतःची गाडीपण तिथंच नेतो."

पण नानासाहेबांना सांगायची गरजच पडली नाही. कस्तुराबाई मघाशी घाईत दूध घालून न बोलता निघाली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे त्यांनी ओळखलं होतं, आणि त्यांची स्कूटर त्याच क्षणी दुकानासमोर येऊन थांबली. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "हातानं?" ते एवढंच म्हणाले. पण मागोमाग आले.

फकिराभाईंचं दुकान म्हणजे लिंबाच्या झाडाखालचा एक पत्रा. साठी उलटलेला माणूस, दाढीला मेंदी, कपाळावर चष्मा. कस्तुराबाईनं काय होतंय ते सांगितलं. त्यांनी चाक सोडवलं, पण वजनाला हात लावला नाही. आस दोन लोखंडी पट्ट्यांवर ठेवून त्यांनी चाक सावकाश फिरवलं आणि खडू रिमजवळ स्थिर धरून नुसते बघत राहिले. मग तोंडानं च् च् असं केलं.

"इधर आओ, बहन. ये लकीर देखते?"

टायरच्या बाजूवर, रिमला लागून, एक बारीक उंचवट्याची रेघ चारी बाजूंनी गेलेली असते. कस्तुराबाईनं वाकून पाहिलं. चाक फिरत होतं तशी ती रेघ रिमबरोबर सारख्या अंतरावर चालली होती, आणि एका ठिकाणी मात्र रिमच्या आत बुडी मारून पुन्हा वर येत होती.

"इथं टायर आत बसलाय!"

"हौ. बैठाच नहीं बराबर. जिसने चढ़ाया उसने साबुन नहीं लगाया. सूखा चढ़ा दिया, एक तरफ अटक गया. अब ये पहिया गोलच नहीं है, तो तोल कायका?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "पहले गोल देखना, बाद में तोल देखना."

नानासाहेब पुढं झाले. "पण मशीननं शून्य दाखवलं होतं."

"मशीन झूठ नहीं बोलती, साहब. उसकू जो पूछे वोच बोलती. वजन कितना पूछे, वजन बोली. टेढ़ा है क्या पूछेच नहीं."

नानासाहेब वाकून ती रेघ बघू लागले. तीस वर्षं पोरांना ते हेच सांगत आले होते: आधी पृष्ठभाग सरळ करा, मग माप घ्या.

फकिराभाईंनी हवा सोडली, टायरच्या कडेला साबणाचं पाणी फिरवलं, पायानं दाबून दाबून टायर सैल केला आणि पुन्हा हवा भरायला घेतली. काटा चढत गेला. एकाएकी टप्प असा आवाज झाला, कस्तुराबाई दचकली, आणि टायर आपल्या जागी जाऊन बसला. रेघ आता चारी बाजूंनी सारखी. मग त्यांनी बेअरिंगचं सील काढलं, ब्रेकची थाळी बाजूला ठेवली, म्हणजे चाकाला अडवणारं काही राहिलं नाही. आस पुन्हा पट्ट्यांवर. चाक आपलं आपण थोडं डोललं आणि थांबलं. थांबलं तिथं वरच्या बाजूला त्यांनी खडूची खूण केली. पुन्हा फिरवलं, खूण फिरून पुन्हा वरच आली.

कस्तुराबाई उकिडवी बसून बघत होती आणि तिला हसू येत होतं. हे तर ती लहानपणापासून बघत आली होती. तिची आई कळपामागं चालता चालता टकळीवर लोकर कातायची. टकळीला नवी लाकडी चकती बसवली की आई आधी ती लोकर न लावता मोकळीच फिरवायची. डुलली की सूत जाड-बारीक होणार. मग काचेच्या तुकड्यानं जड बाजू इवलीशी खरवडायची, पुन्हा फिरवायची, पुन्हा खरवडायची. टकळी उभ्या उभ्या झोप लागल्यासारखी स्थिर फिरेपर्यंत ती लोकरीला हात लावायची नाही.

"भाई," ती म्हणाली, "आमची आई टकळीला असंच करायची. फक्त ती जड बाजू काढायची, तुमी हलक्या बाजूला घालता."

फकिराभाईंनी तिच्याकडं जरा नीट पाहिलं. मग शिशाच्या तारेचं वेटोळं आणि पक्कड तिच्यासमोर ठेवली. "तो तुम करो. टायर कू खरोचना मत, बस."

कस्तुराबाईनं खुणेजवळच्या तारेवर शिसं गुंडाळलं. चाक फिरवलं. आता खूण आडवी थांबली. थोडं आणखी. चाक फिरून थांबलं तेव्हा खूण खाली. "जास्त झालं," ती म्हणाली आणि चिमूटभर तुकडा तोडून काढला. नानासाहेब आता तिच्या शेजारीच उकिडवे बसले होते, पायजम्याची इस्त्री विसरून. चाक थांबायच्या आधीच ती सांगू लागली, "इकडं झुकणार बगा," आणि तिकडंच झुकायचं. शेवटी तिनं चाक जिथं सोडलं तिथं ते राहिलं. खूण वर असो, खाली असो, आडवी असो. चाकाला कुठंच जायची घाई नव्हती.

फकिराभाईंनी शिसं पक्कडीनं घट्ट दाबलं, नखानं ओढून पाहिलं. "अब धोने दो कितना धोना है."

"माझी एक विनंती आहे," नानासाहेब म्हणाले. "रागावू नका. पण मला हे मोजून बघायचंय."

फकिराभाई हसले. "मेरेकू भी बघनाच है, साहब. चालीस साल में कोई बोलाच नहीं."

मग उस्मानपुऱ्याच्या त्या गल्लीतनं एक छोटी मिरवणूक निघाली. पुढं नऊवारीतली कस्तुराबाई, खांद्याला चाक अडकवून, मागं नानासाहेब, त्यांच्यामागं हात पुसत फकिराभाई. बद्रीनाथनं काकांना फकिराभाईंबरोबर येताना पाहिलं आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला. पण चाक त्यानं मशीनवर चढवलं. घूं घूं झालं. चौघांनी माना पुढं केल्या.

तीन ग्रॅम.

"तीन ग्रॅम!" नानासाहेब असे ओरडले की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला. "तीन ग्रॅम म्हणजे काहीच नाही. हातानं! बद्री, बघितलंस? मशीननं सिद्ध केलं."

"मशीन पास हो गई," फकिराभाई शांतपणे म्हणाले.

दोघं एकमेकांकडं बघून हसायला लागले, आणि पुढचा अर्धा तास बद्रीनाथच्या काचेच्या दुकानात बसून, चहावर चहा मागवत, ते लोखंड, कानस आणि हल्लीच्या पोरांबद्दल बोलत राहिले. तारांच्या चाकाला कोणती रीत, रुंद टायरला कोणती, बिनट्यूबच्या टायरला कोणती, याचे कागदावर रकाने पडले. बद्रीनाथनं ठरवलं की तारांची चाकं आली की आधी मागच्या गल्लीत पाठवायची, आणि फकिराभाईंनी ठरवलं की मोटारीच्या रुंद चाकाच्या भानगडीत आपण पडायचं नाही, ती बद्रीनाथकडं. कस्तुराबाईनं चाक बसवून घेतलं आणि निघाली. वस्तीवर म्हशी वाट बघत असतील, आणि म्हशींपेक्षा सोनाजी जास्त.

पन्नास. पंचावन्न. वाळूजच्या पुढं रस्ता मोकळा झाला. साठ. तिनं हात अगदी सैल केले, बोटं नुसती हँडलवर टेकवलेली. हँडल जागचं हललं नाही. तिनं हेल्मेटच्या आत मोठ्यानं "आई गं" म्हटलं, आणि ते कुणाला ऐकू गेलं नाही हे बरंच झालं, कारण त्यापुढं तिनं बरंच काही म्हटलं, त्यातलं निम्मं कडूबाबद्दल होतं.

कडूबाकडं ती थांबली, पण हॉटेलातली माणसं उठून जाईपर्यंत वाट बघितली. मग म्हणाली, "टायर चढवताना साबण लावत जा, भाऊ. एका अंगाला आत अडकला होता." कडूबाचा चेहरा पडला. "खरं सांगता?" त्यानं वाकून ती रेघ पाहिली, चाक फिरवून पुन्हा पाहिली. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी मनगटाचं बोललो." "व्हय, बोललास," कस्तुराबाई म्हणाली. कडूबानं गाडीच्या मागच्या चाकाची हवा न सांगता बघून दिली.

सोनाजीला तिनं सगळं सांगितलं, टकळीपासून तीन ग्रॅमपर्यंत. तो धार काढत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी पडायचो तेव्हाबी चाकाचाच दोष असंल." कस्तुराबाई इतकी हसली की म्हशीनं बादलीला लाथ मारली.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकनगरात नानासाहेबांनी दूध गाळलं, गाळणी उजेडाला धरली आणि समाधानानं आत निघून गेले. ते हॉलमधल्या पंख्याखाली स्टूल ठेवताहेत हे दारातनं दिसत होतं. एका हातात शिशाची तार होती.

लक्ष्मीबाई मात्र बाहेर आल्या. हातात पिशवी, डोक्यावर नानासाहेबांचं जुनं स्कूटरचं हेल्मेट.

"कस्तुरे, मला बहिणीकडं जायचंय, इथंच शहराबाहेर, सातारा परिसरात. रिक्षावाले यायला तयार नाहीत. सोडशील का?"

आतून स्टुलावरून आवाज आला, "अगं, मी सोडतो की स्कूटरवरून!"

"तुम्ही पंखा बघा," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

कस्तुराबाईनं रिकामे क्यान ओट्यावर उतरवून ठेवले, सीटवरची धूळ पदरानं पुसली. लक्ष्मीबाई एका बाजूनं बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि कस्तुराबाईच्या खांद्याला असं काही धरलं की खांदा निखळावा. गल्लीतनं वळणं घेत गाडी बीड बायपासला लागली. सकाळचं ऊन पाठीशी होतं, सातारा परिसरातले डोंगर डाव्या हाताला स्वच्छ दिसत होते. कस्तुराबाईनं हळूहळू वेग घेतला. पन्नासला खांद्यावरची बोटं जरा सैल झाली. साठला ती खांद्यावरून उठलीच.

तिनं आरशात पाहिलं. लक्ष्मीबाईंनी मोकळा हात बाहेर काढून वाऱ्यात पसरला होता आणि डोळे मिटले होते.

"काकू, भीती वाटती का?"

"गप्प बस. चालव."

सातारा परिसराची कमान आली. कस्तुराबाईनं वेग कमी करून विचारल्यासारखं आरशात पाहिलं. लक्ष्मीबाईंनी डोळे उघडले, कमानीकडं एकदा बघितलं आणि हातानं खूण केली: सरळ, सरळ.